दारावर कोणीतरी आलंय

४ मार्च
पेटंट ऑफिसचं पत्र आलं. परीक्षण अहवाल. मी जन्मभर असे अहवाल लोकांना पाठवले, मला आलेला हा पहिलाच. कागद पूर्वीपेक्षा पातळ झाला आहे.

आक्षेप एकच. माझं उपकरण म्हणे 'त्या विषयातल्या सर्वसाधारण जाणकाराला सहज सुचण्याजोगे' आहे, सबब पेटंट देता येत नाही. सहज! मला ते सुचायला अख्खी नोकरी आणि वर निवृत्तीची काही वर्षं लागली.

सूनबाईने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. दार आपटलं ते वाऱ्याने, असंही सांगितलं. खिडक्या बंद होत्या हे तिने बोलून दाखवलं नाही. मुलगी समंजस आहे.

४ मार्च, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. उपकरण इतकं साधं आहे की ते कोणालाही चटकन समजतं. (हे वाक्य सुनावणीत उच्चारायचं नाही.) फोनच्या टेबलाखाली एक बटण. ते दाबलं की घराची डोअरबेल वाजते आणि ती पलीकडच्या माणसाला फोनमधून ऐकू जाते. आपण म्हणायचं, बेल वाजतेय, ठेवते हं. संपलं. अर्जातलं नाव: 'दूरध्वनीवरील संभाषण सौजन्यपूर्वक आटोपण्याचे उपकरण'. घरातलं नाव: सुटका.

यातली खरी मेख अहवाल लिहिणाऱ्या मुंगीच्या लक्षातच आलेली नाही. खोटं बोलायचं नाही हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी पट्टीने शिकवलं. सुटका वापरणाऱ्याला खोटं बोलावंच लागत नाही. बेल खरोखर वाजत असते. जगातल्या कुठल्या फोनमध्ये ही सोय आहे?

५ मार्च
गरज कुठून निर्माण झाली हेही लिहून ठेवते, सुनावणीत उपयोगी पडेल. माझी मोठी बहीण. ताई रोज तास तास फोनवर बोलते. दहा वाजता मीच लावते, नाहीतर ती लावेल आणि मग तिच्या सोयीने बोलत बसावं लागेल. आज अहवालाबद्दल सांगायला घेतलं. पहिला मुद्दा होतोय न होतोय तोच तिच्याकडे बेल वाजली. म्हणाली, अगं, दारावर कोणीतरी आलंय, ठेवते हं.

त्या घरात फारच राबता. त्यामुळे माझं म्हणणं कधी पूर्ण होत नाही, आणि म्हणून मला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा लागतो.

सुटका प्रत्यक्ष ताईवर वापरायची संधी अजून मिळालेली नाही. हात बटणापर्यंत जायच्या आतच तिच्याकडे कोणीतरी येतं.

७ मार्च
मुंगी म्हणजे माझा जुना ज्युनिअर. अक्षर मुंग्यांसारखं, म्हणून मी ठेवलेलं नाव. आता तिथे साहेब झाला आहे. अहवालाखाली सही त्याचीच, अजून तशीच मुंग्यांची रांग.

आणि अहवालातलं ते वाक्य! 'दोन ज्ञात वस्तू शेजारी ठेवल्याने शोध होत नाही, केवळ शेजार होतो.' हे वाक्य माझं आहे. छत्रीच्या मुठीत टॉर्च बसवणाऱ्या माणसाच्या फाईलवर मी ते मुंगीला सांगून लिहून घेतलं होतं. माणूस सुनावणीत रडला. वाक्य मात्र झकास होतं. आज ते मला उद्देशून आलं आहे, अवतरणचिन्हांशिवाय. चोरी कशाला म्हणतात हे पेटंट ऑफिसला तरी माहीत असावं.

८ मार्च
ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'त्यात काय मॅडम' म्हणायचे. कुठलाही अर्ज टेबलावर आला की मी म्हणायची, त्यात काय? लोक शब्द जपतात, तो आदरच असतो.

१० मार्च
मुंगीने दोन जुने दाखले दिले आहेत. एक, ऑफिसातला टेबलफोन, ज्याला शिपायाला बोलवायची घंटी जोडलेली आहे. दोन, हॉटेलच्या काउंटरवरची टिंग करून वाजवायची घंटी. दोन्ही एकत्र केले की म्हणे सुटका होते. हॉटेलातली घंटी वाजवली की माणूस येतो. माझी घंटी वाजवली की माणूस जातो. नेमकं उलटं! हा मुद्दा इतका जबरदस्त आहे की सुचल्यावर मी थोडा वेळ गॅलरीत फेऱ्या मारल्या.

सूनबाई म्हणाली, आई, मोबाईलमध्ये खोटा फोन वाजवणारी ॲप्स असतात. तिला समजावलं की तो खोटा फोन, हे खरं दार. जमीन-अस्मानाचा फरक. ती म्हणाली, बरं. 'बरं' म्हणताना तिचा चेहरा मला आवडत नाही.

१२ मार्च
मूळ दुखणं सापडलं. उत्तर एकदा कळलं की सगळेच हुशार होतात. शोध लागल्यानंतर मागे वळून पाहिलं तर कुठलीही गोष्ट सोपीच दिसणार. परीक्षकाने स्वतःला त्या दिवशी नेऊन बसवलं पाहिजे, ज्या दिवशी उत्तर ठाऊक नव्हतं. किती न्याय्य तत्त्व! नोकरीत असताना हे मला कोणीच कसं सांगितलं नाही?

(सांगितलं होतं. वकील दर सुनावणीत सांगायचे. पण ते फी घेऊन सांगायचे.)

१५ मार्च
ऑफिसात माझी एक पद्धत होती. चहाच्या वेळी टेबलाशी जो कोणी असेल त्याला फक्त अडचण सांगायची, उत्तर नाही. कप रिकामा व्हायच्या आत त्याने अर्जदाराचंच उत्तर दिलं, तर शोध सहज सुचण्याजोगा. फाईल बंद. कायद्यात अशी कसोटी नाही, पण कायदा लिहिणाऱ्यांना चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी बसायचा योग कुठे आला होता. मुंगी अजून हीच पद्धत वापरतो असं ऐकते. म्हणजे त्याच्याच, म्हणजे माझ्याच कसोटीवर त्याला गप्प करायचं. निकालाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं.

पहिला उमेदवार, नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर. त्याला विचारलं: फोनवरचा माणूस बोलायचा थांबत नाही, त्याला न दुखवता फोन ठेवायचा आहे, काय कराल? तो मोरीतूनच म्हणाला, दाराच्या बेलची वायर फोनपाशी आणायची, खाली बटण ठोकायचं. चहा अजून गॅसवर होता.

चाचणी ग्राह्य धरलेली नाही. एक तर कप सुरूच झाला नव्हता. शिवाय प्लंबर हा टेलिफोनमधला जाणकार नव्हे. कायद्याने जाणकाराला सुचायला हवं. ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याला सुचलं तर तो योगायोग.

१६ मार्च
सूनबाईला विचारलं. तिने तेच उत्तर दिलं. पण ती रोज टेबलाखाली झाडते, बटण तिला लागतं. उत्तर आधीच ठाऊक. बाद.

रात्री मुलाला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, 'आई, सरळ फोन कट करायचा.' मुलगा इंजिनिअर आहे. इंजिनिअरला सुचलं नाही! ताबडतोब नोंद केली. एक विरुद्ध शून्य, आमची बाजू.

२२ मार्च
ताईकडे गेले होते. समक्ष बोललं की बेलचा व्यत्यय नको, असा विचार. त्यांच्या दाराची बेल बंद. दाबली, पुन्हा दाबली, मग दार ठोठावून बोटं दुखली तेव्हा भाऊजींनी उघडलं. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. ऐकू कमी येतं, त्यामुळे स्वतः मोठ्याने बोलतात, आणि रिकाम्या वेळात घरभर वायरिंग करत बसतात. बेलचं विचारलं तर म्हणाले, ती इथून काढली, दुसरीकडे लावलीय, तिकडे जास्त गरज होती. ताईने त्यांना एकदम चहा टाकायला पाठवलं.

काय ते वायरिंग! मी फोनवर असते तेव्हा त्यांची बेल घणघणते, आणि मी दारात उभी असते तेव्हा मुकी. भाऊजींना माणूस म्हणून मी मानते, पण तांत्रिक बाबतीत त्यांच्याकडून कोणी काही शिकू नये.

ताईला सुटकेबद्दल काही सांगितलेलं नाही. तिला कळलं तर तिच्यावर वापरता येणार नाही. मनाला लावून घेते ती.

२ एप्रिल
कायद्यात एक मुद्दा आहे, व्यापारी यश. एखादी वस्तू लोकांनी उचलून धरली तर ती सहज सुचण्याजोगी नव्हती असं म्हणता येतं, नाहीतर आधीच कोणी का काढली नाही? म्हणून खालच्या मजल्यावरच्या हेडबाईंकडे एक नमुना इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. हेडबाई म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका, मितभाषी, चिडखोर. माझी रोज दुपारची गप्पांची मैत्रीण.

३ एप्रिल
दुपारी हेडबाईंना फोन केला, नमुना कसा वाटतो विचारायला. पण त्यांच्याकडे कोणीतरी आलं, बेल वाजली. उद्या विचारू.

४ एप्रिल
हेडबाईंकडे पुन्हा पाहुणे. एकट्या बाईकडे इतके लोक येतात? बरं आहे, बिचाऱ्यांना सोबत होते.

९ एप्रिल
यश! वरच्या मजल्यावरची पियानो शिकवणारी बाई आणि समोरच्या ब्लॉकमधले रिटायर्ड बँक मॅनेजर, दोघांनी आपण होऊन नमुना मागितला. हेडबाईंनीच शिफारस केली म्हणे. दोघंही माझ्या नेहमीच्या फोनवरचे. लोकांना चांगली गोष्ट कळते. हेडबाईंना म्हटलं, चाचणी झाली असेल तर परत नेते. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. राहू द्या ना, अजून थोडे दिवस, म्हणाल्या. मितभाषी बाई, तिच्या तोंडून हे म्हणजे प्रशस्तिपत्रच.

संकल्प: आजपासून मुंगीवर मनात राग धरायचा नाही. त्याची कीव करायची.

१३ एप्रिल
वरची, समोरचे, हेडबाई. तिघांनाही फोन केले, तिघांच्याही दारावर कोणीतरी. आज बिल्डिंगमध्ये विक्रेत्यांचा सुळसुळाट दिसतो. सोसायटीच्या वॉचमनला झापलं. तो म्हणाला, आज तर कोणीच वर गेलेलं नाही. हे लोक जागेवर असतात कुठे.

१८ एप्रिल
सुनावणीची तारीख आली. २ मे, सकाळी. वकील करणार नाही. मी वकिलांना घाम फोडणारी बाई, मी वकील कशाला करू?

योजना ठरली. मुद्दा पहिला, हॉटेलची घंटी बोलावते, माझी घालवते. मुद्दा दुसरा, खोटं न बोलता सुटका. मुद्दा तिसरा हुकमाचा: फार दिवसांची, कोणालाही न सुटलेली गरज. हा नुसता सांगायचा नाही, दाखवायचा. सुनावणीच्या खोलीतूनच ताईला स्पीकरवर फोन लावायचा. ताईची टकळी सुरू झाली की मुंगी स्वतः घड्याळाकडे बघायला लागेल. तेव्हा मी शांतपणे म्हणेन, साहेब, आता तुम्हाला काही सहज सुचतंय का?

मुलाला योजना सांगितली. तो म्हणाला, आई, मावशीला नको मध्ये आणूस. मी म्हटलं, ती साक्षीदार आहे, तिला काही करायचं नाही, फक्त नेहमीसारखं बोलायचं. मुलगा बायकोकडे बघायला लागला. या दोघांचं हल्ली फार नजरेनं बोलणं चालतं.

२ मे, सकाळी लवकर
इस्त्रीची साडी. चष्म्याची काच पुसली. डोकं थंड. संकल्प: आवाज चढवायचा नाही.

२ मे, संध्याकाळी
आज काही लिहायचं नाही.

३ मे
लिहिते. नोंद अपुरी ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

खोली तीच. माझ्या खुर्चीत मुंगी. मला अर्जदाराची खुर्ची मिळाली. ती ठेंगणी आहे. बसलेल्या माणसाची हनुवटी टेबलाला लागावी म्हणून मीच तशी मुद्दाम मागवली होती. तेव्हा कल्पना चांगली वाटली होती.

मुंगी उठून उभा राहिला, मॅडम मॅडम केलं, चहा मागवला. मी पहिला मुद्दा मांडला. त्याने टिपून घेतला. दुसरा मांडला. तो म्हणाला, मॅडम, पापातून वाचणं हा तांत्रिक परिणाम धरता येईल का, हे मला तपासावं लागेल. आवाज थोडा चढला माझा. मग चहा आला आणि मी म्हटलं, तुमचा कप रिकामा व्हायच्या आत मी तुम्हाला गरज दाखवते. टेबलावरच्या फोनवरून ताईचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला. लघुलेखिका बाई पेन सरसावून बसली.

ताईने उचलला. आता तिने बोलायला हवं होतं. पण ती नुसतीच 'हं, बोल' म्हणाली. तिला बोलतं करायला मला थोडी पार्श्वभूमी द्यावी लागली. थोडी हेडबाईंची, थोडी वॉचमनची, वॉचमनवरून सोसायटीची. मुंगीचा कप अर्धा झाला असेल. ताईकडे बेल वाजली.

'अगं, दारावर कोणीतरी आलंय,' ताई म्हणाली. आणि तिने फोन ठेवायच्या आत मागून भाऊजींचा आवाज आला, साऱ्या खोलीत घुमला:

'एकदाच वाजवलीय. पुरे, की अजून वाजवू?'

लघुलेखिकेने ते लिहिलं. मी पाहिलं, तिने प्रश्नचिन्हसुद्धा काढलं.

मुंगी फोनकडे वाकला. अत्यंत अदबीने स्वतःची ओळख सांगितली आणि भाऊजींना विचारलं, ही बेल आपण कुठे बसवली आहे? भाऊजींना त्यांच्या वायरिंगबद्दल जन्मात कोणी विचारलेलं नाही. खुलले. दाराची बेल काढून फोनच्या टेबलाखाली कशी आणली, बटण कडेला का लावलं, सगळं सांगितलं. कधीपासून, असं मुंगीने विचारलं. मेहुणीबाई रिटायर झाल्या त्याच आठवड्यात, भाऊजी म्हणाले. आणखी कोणाकडे आहे का? तर म्हणे भावाकडे आहे, दोन्ही चुलत मेहुण्यांकडे आहे, क्लबातल्या लोकांना करून दिलीय, कोणालाही विचारा, तुम्हाला हवी आहे का? मुंगी म्हणाला, नको, आभारी आहे.

दोन्ही चुलत बहिणी. तरीच त्यांच्याकडेही फार राबता.

ताई मागून अहो ठेवा, अहो ठेवा म्हणत होती. मग तिने फोन घेतला आणि हळू आवाजात विचारलं, 'ती तिथे आहे का?'

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी त्या खुर्चीतून टेबलाच्या कडेकडे पाहत होते.

'मॅडम इथेच आहेत,' तो म्हणाला.

फोन कोणी ठेवेना. अशा वेळेसाठीच तर मी उपकरण केलं होतं, पण त्या खोलीत बेल नव्हती. शेवटी मुंगीने बोटाने फोन बंद केला आणि म्हणाला, मॅडम, चहा गार झाला, दुसरा मागवू? हे मी त्याला कधी शिकवलेलं नाही.

४ मे
ताईचा फोन नाही. रोज करते.

६ मे
ताईचा फोन नाही. मुलगा म्हणाला, आई, रोज तूच करतेस. मी म्हटलं, तो तांत्रिक मुद्दा झाला.

सगळा दोष त्या स्पीकरचा. साध्या फोनवर भाऊजींचा आवाज इतका पोचलाच नसता.

९ मे
हेडबाई जिन्यात भेटल्या. त्यांना विचारलं, एप्रिलमध्ये तुमच्याकडे फार माणसं यायची ना? त्या जिन्याच्या कठड्याकडे बघून म्हणाल्या, हो, थोडी. बाईंनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. म्हटलं, असू दे, पाय दुखतायत, वर जाते.

कोणाकडचाही नमुना काढून आणणार नाही. ज्याची त्याला गरज.

२० मे
निकाल आला. अर्ज फेटाळला. पण नीट वाचलं तर वेगळंच आहे! मुंगी लिहितो: सदर उपकरण अर्जाच्या पूर्वीपासून अनेक घरांत उघडपणे वापरात असल्याने ते नवीनच नाही, सबब ते सहज सुचण्याजोगे आहे किंवा कसे, या प्रश्नात शिरण्याचे कारण उरत नाही.

म्हणजे सहज सुचण्याजोगं आहे हे सिद्ध झालेलं नाही! मूळ आक्षेप गळून पडला. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर त्या मुद्द्यावर मी हरलेले नाही. सूनबाईला वाचून दाखवलं. ती बरं म्हणाली, आणि या वेळी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. कशासाठी कोण जाणे.

हे ताईला सांगायला हवं. तिला आनंद होईल. भाऊजींनाही, एक प्रकारे. पण मी लावणार नाही. तिने लावायचा.

२१ मे, सकाळी
दहा वाजले. फोन नाही. रिसीव्हर उचलून पाहिला, लाइन चालू आहे. लगेच ठेवला, नाहीतर ती लावायला जायची आणि एंगेज लागायचा.

साडेदहा. ती बाजारात गेली असेल.

अकरा. इतक्या दिवसांत सुटका एकदाही वापरली गेली नाही. वायर ढिली झाली असेल, तपासायला हवी, म्हणून टेबलाखाली हात घातला आणि बटण दाबलं. खणखणीत वाजली. सूनबाई हात पुसत आतून आली, दार उघडलं, जिन्यात वाकून पाहिलं, आणि परत आली. कोणी नाही म्हणाली.

उपकरण व्यवस्थित चालतं आहे.